मुकादमाची पाठ

४ जुलै

बारक्या,

पोचले. किल्ली तू सांगितलेल्या जागी नव्हती, चपलांच्या कपाटात होती. ती सापडेपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझी ओळख मलाच करून दिली. "तुम्ही म्हणजे त्या जहाजवाल्यांच्या नर्स बहीण." चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळला, शेवटी हाती ही पदवी आली.

फ्रिजवर तुझी वही मिळाली. अकरा पानं माशांच्या टाकीबद्दल, दोन ओळी गॅसबद्दल. घरात राहणाऱ्या माणसाने काय खायचं, याचा उल्लेख नाही. आणि हॉलमध्ये भिंतभर समुद्र आणून ठेवलास तो ठेवलास, बसायला खुर्ची मात्र एकच.

तुझी सगळी मंडळी पाहिली. दोन नारिंगी मासे सारखे एकमेकांच्या मागे. प्रवाळ म्हणतोस ती फुलं छान डुलतात. आणि मधोमध दगडावर तुझा मुकादम. राक्षसी शिंपला म्हटल्यावर मी जरा घाबरूनच होते, पण दिसायला देखणा आहे. कडा लाटांसारख्या, आत निळी मखमल, तिच्यावर हिरवे ठिपके. मी बघायला वाकले, माझी सावली पडली, तशी फटकन मिटून घेतलंन. म्हटलं ठीक आहे, मलाही पाहुणे फारसे आवडत नाहीत.

वहीत लिहिलंयस की तो पूर्ण उघडला की मखमल कडेबाहेर लोंबते. इथे तीन दिवसांत लोंबली नाही. नव्या माणसाला बुजला असेल का?

आणि एक आधीच सांगून ठेवते. चार महिने मी पाणी घालीन, दिवे लावीन, मासे मोजीन. पण दुखणंबिखणं काढायचं काम माझ्याकडे नको. आईचं केलं ते शेवटचं. आता कुणाची उशी सारखी करायची नाही असं मी ठरवलंय.

जेवत जा. डब्यातलं उघडून खाणं म्हणजे जेवण नव्हे.

ताई


११ जुलै

ताई,

तुझं पत्र गुरुवारच्या बोटीने आलं. भाज्यांच्या टोपलीत होतं, त्यामुळे त्याला कोथिंबिरीचा वास आहे. इथे बेटावर फोनला रेंज नाही. बिनतारी यंत्र आहे, पण त्याच्यावर फक्त हवामान आणि सुटे भाग बोलायचे, बहिणीशी नाही.

दीपगृह आहे तसंच आहे, उंच आणि कंटाळवाणं. जुना जनरेटर काढला. तीस वर्षांचा गंज आहे. एकेक बोल्ट म्हणजे माहेर न सोडणारी मुलगी. रखवालदार माझ्यावर खूश आहे, कारण मी आल्यापासून त्याला बोलायला माणूस मिळाला. मी खूश आहे की नाही, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

मुकादमाची काळजी करू नकोस. तो लहरी आहे. नऊ वर्षं सगळ्या टाकीवर देखरेख करतोय, कुणाची सावली पडली की हा मिटतो, म्हणून तर हे नाव. त्याला खायला घालावं लागत नाही. त्या मखमलीत बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि हा बसून खातो. दिवे वेळेवर लाव, एवढंच त्याचं मागणं.

बाकी तू कशी आहेस? बाहेर पडतेस की नाही? खाली बाग आहे. सकाळी तिथे बऱ्याच बायका असतात.

बारक्या


१८ जुलै

बारक्या,

मी मजेत आहे. बागेत जाऊन आले. बायका गुडघ्यांबद्दल बोलत होत्या. माझं निवृत्तीनंतरचं वर्ष गुडघ्यांविना गेलं, ते तसंच राहू दे.

आता कामाचं बोलू. तुझ्या मुकादमाचं लक्षण मला बरं दिसत नाही. लहरी माणूस एक दिवस रुसतो, दुसऱ्या दिवशी हसतो. हा रोज थोडा थोडा कमी उघडतोय. मी काचेवर बोटं धरून मोजायला लागले. सोमवारी चार बोटं, गुरुवारी साडेतीन, आज तीनही नाहीत. मखमलीची कड आत वळलेली, पिळून वाळत घातल्यासारखी. सावली पडली तर पूर्वी फटकन मिटायचा, आता विचार करून मिटतो. वॉर्डात असा पेशंट मी खिडकीजवळच्या खाटेवरून माझ्या टेबलाजवळच्या खाटेवर हलवला असता.

पाण्याच्या सगळ्या चाचण्या वहीप्रमाणे केल्या. थेंब टाकायचे, रंग बघायचा, खारटपणाची नळी उजेडात धरायची. कॅल्शियम ठीक, तापमान ठीक. तक्ता करून टाकीला चिकटवलाय. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, खाटेला लावतात तसा!" म्हटलं, तसाच.

सरळ विचारते, सरळ सांग. आधी कधी असं झालं होतं का?

ताई


२५ जुलै

ताई,

आधी असं कधी झालं नाही. घाबरू नकोस. मी सांगतो तसं कर.

दिवे दोन तास कमी कर. पाचवा हिस्सा पाणी बदल, नवं पाणी आदल्या दिवशी करून ठेव, जुन्याइतकं गरम आणि जुन्याइतकं खारं. पंपाचं तोंड भिंतीकडे वळव, त्याला झोत सोसत नसेल. पंपाची जाळी धू. गाळणीतली कोळशाची पिशवी बदल. नारिंगी मासे त्याला टोचत नाहीत ना, ते बघ. टोचत असतील तर आडवी काच घाल. यांपैकी काहीतरी लागू पडेल.

नाहीच पडलं तर तुझी काही चूक नाही, ताई. ते मनाला लावून घेऊ नकोस. प्राणीच तो.

बारक्या


१ ऑगस्ट

बारक्या,

तू सांगितलेलं सगळं केलं. काहीही लागू पडलं नाही. त्या पत्रात सहा उपाय होते. सहा उपाय सांगणाऱ्या डॉक्टरला आजार कळलेला नसतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले.

मग खुर्ची टाकून बसले आणि स्वतःला विचारलं, बाई, नवा पेशंट आला की तू काय करायचीस? तोंड बघायचीस, जीभ बघायचीस, नाडी बघायचीस. आणि मग? मग कुशीवर वळवून पाठ बघायचीस. सगळं दुखणं पाठीला लपलेलं असतं आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस तोंडच बघून जातं. नऊ वर्षांत तू मुकादमाचं तोंडच बघत आलास. फोटोही त्याच बाजूचे.

काल सकाळी दिवे लागायच्या आत बाही वर करून हात घातला. तो ज्या चपट्या दगडाला धरून बसलाय, त्या दगडासकट उचलला. ओढून काढायचा नाही, दगडाला धरलेला पाय तुटला की गेला, हे तुझ्याच वहीत सातव्या पानावर आहे. पाण्यातल्या पाण्यात हळूच कलता केला आणि बॅटरी मारली.

तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी. पांढऱ्या, टोकदार. खालच्या कडेच्या प्रत्येक खाचेत. दिवसा तिथे दडून बसायच्या आणि अंधार झाला की वर चढून त्याचं रक्त प्यायच्या. मऊ दातघासणीने एकेक काढली. एक्केचाळीस. शिवाय मधून मधून पारदर्शक चिकट ठिपके होते, ती त्यांची अंडी. तीही खरवडली. माझे हात काम विसरलेले नाहीत, हे तुला मुद्दाम सांगते. मला वाटलं होतं विसरले असतील.

सगळं बरोबर केलं का ते विचारायला त्या गोगलगायी बाटलीत घालून मागच्या गल्लीतल्या मत्स्यालयाच्या दुकानात गेले. दुकानवाली भली बाई. भिंग लावून बघितलं तिने आणि म्हणाली, "ह्या त्याच. पण तुमच्या भावाला मी मे महिन्यातच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंत?"

"ते फोटो घेऊन आले होते. शिंपला नीट उघडत नाही म्हणाले. मी म्हटलं, इथे आणून ठेवा, तुम्ही येईपर्यंत मी बघते. तर नको म्हणाले. माझी बहीण येऊन राहणार आहे म्हणाले."

मी बाटलीला झाकण लावलं आणि घरी आले.

बारक्या, ड्युटी बदलताना पेशंटची खरी अवस्था सांगायची असते. जी नर्स ती लपवते, तिला मी माझ्या वॉर्डात पुन्हा उभी केलेली नाही. तू मला आजारी जीव निरोगी म्हणून सोपवलास, आणि मी विचारल्यावर "आधी असं कधी झालं नाही" असं लिहिलंस. का ते मला कळवायची गरज नाही.

ताई


८ ऑगस्ट

ताई,

गरज नाही म्हणालीस तरी कळवतो.

दुकानवाली खरं सांगतेय. मला मे महिन्यात दिसलं होतं. एक पांढरा दाणासुद्धा दिसला होता काचेवर, मी म्हटलं वाळूचा कण असेल. ते वाळूचं नाही हे मला माहीत होतं. मी काच पुसून टाकली.

तू गेलं वर्षभर घरात नुसती बसून होतीस. मी फोन केला की "मजेत आहे" म्हणायचीस आणि मागून टीव्हीचासुद्धा आवाज यायचा नाही. मावशी एकदा दुपारी आली तेव्हा तू खिडकीशी बसली होतीस, म्हणे, आणि पडदा लावलेला होता. मला वाटलं, ताईला पेशंट हवाय. पण तसं म्हटलं असतं तर तू आलीच नसतीस. म्हणून निरोगी म्हणून सांगितलं. दुकानात ठेवला असता तर तो कदाचित लवकर बरा झाला असता. ते मी तुझ्यासाठी टाळलं.

हे झालं अर्धं. हे लिहायला सोपं आहे, कारण यात मी जरा चांगला दिसतो. उरलेलं अर्धं असं की मला तो मरताना बघायचा नव्हता. दीपगृहाचं काम दुसऱ्या मेकॅनिकला मिळत होतं, मी मागून घेतलं. आईच्या वेळीही तेच केलं. जहाज तिसऱ्या दिवशी सुटणार होतं, कुणीही माझ्या जागी गेलं असतं. तू विचारलंस, "थांबतोस का?" मी म्हटलं, सुट्टी मिळत नाही. मी सुट्टी मागितलीच नव्हती. इंजिनाचं काहीही बिघडलं तर मी उभा राहतो, पण आजारी माणसाच्या खाटेजवळ माझे पायच टिकत नाहीत. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मुकादम गेला तरी चालेल. तू लिही.

बारक्या


२२ ऑगस्ट

ताई,

दोन बोटी आल्या, तुझं पत्र नाही. भाज्यांची टोपली मी स्वतः उपसली. रखवालदार म्हणाला, "साहेब, कांद्यात काय शोधताय?" मी म्हटलं, बहीण. तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो.

शिव्या घाल, पण लिही. बरी आहेस ना?

बारक्या


२९ ऑगस्ट

बारक्या,

बरी आहे. मुकादमही आहे.

पहिल्या आठवड्यात लिहिलं नाही ते रागाने. पेन घेऊन बसले होते, पण जे उतरत होतं ते पाठवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात लिहिलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. आता नीट सांगते.

अंडी राहिली की पुन्हा पिल्लं निघतात, म्हणून मी रोज सकाळी त्याला उचलून घासायला लागले. दुसऱ्या दिवशी सतरा निघाल्या, मग सहा, मग पुन्हा नऊ. त्या नवाने माझं डोकं फिरलं. सकाळी घासायचे तर संध्याकाळीही घासायला लागले. असं पंधराएक दिवस चाललं आणि एका सकाळी तो आ वासून पडला. शिंपला उघडा, पण मखमल आत गेलेली. सावली धरली तरी हालचाल नाही. असं तोंड मी फार वेळा पाहिलंय, त्यामुळे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भर दुपारी दुकानवालीला बोलावून आणलं. ती दुकान बंद करून आली. टाकीपुढे वाकली, मग तक्ता वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"दिवसातून दोनदा उचलता?"

"गोगलगायी राहिल्या तर पितील ना त्याला."

"चारपाच राहिल्या तर तो मरणार नाही. तुम्ही असंच उचलत राहिलात तर मात्र नक्की मरेल. आता आठवड्यातून दोनदाच. आणि आजपासून चार दिवस हातच लावायचा नाही."

"मग मी काय करू?"

"बसा," म्हणाली ती. "खुर्ची आहे ना?"

चौतीस वर्षांत मला कुणी बसा म्हटलं नव्हतं रे. आईच्या वेळीही मी बसले नाही. सारखी चादर बदल, औषध दे, पाणी पाज, डॉक्टरांच्या मागे लाग. ती गेल्यावर एकदम बसले, आणि ते बसणं म्हणजे पडद्यामागचं ते वर्ष. मावशीने तुला सांगितलं ते खरं आहे.

ते चार दिवस मी बसले. चहा घेऊन बसायचे, भाजी निवडत बसायचे. दुकानवाली संध्याकाळी चक्कर टाकायची, ती येताना स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आली आणि ती इथेच ठेवून गेली. पहिल्यांदाच मला दिसलं की ती प्रवाळाची फुलं सकाळी एकदम उघडत नाहीत, एका बाजूने सुरू होतात. नारिंगी माशांतली जी मोठी आहे ती मादी आणि घरात तिचंच चालतं. मी तिच्या बाजूची आहे.

चौथ्या दिवशी सकाळी मुकादमाची मखमल बोटभर बाहेर आली. पाचव्या दिवशी मी जवळ गेले, सावली पडली आणि फटकन मिटलंन! मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या बाई दार वाजवून विचारायला आल्या, काय झालं. म्हटलं, पेशंट माझ्यावर चिडला. आजारी माणूस चिडायला लागला की समजावं, घरी जायची वेळ झाली.

आता आठवड्यातून दोनदा पाठ बघते. गेल्या दोन वेळांना एकही सापडली नाही. अजून महिनाभर बघायचं.

तुझ्या पत्राबद्दल. राग होता, तो गेला. तू पळालास हे मला तेव्हाच कळलं होतं, सुट्टीचा अर्ज न दिल्याचं तुझ्या ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं होतं. मी बोलले नाही, मनात मात्र ठेवलं. आता तूच सांगितलंस, तर ते मनात ठेवायचं कारण उरलं नाही.

आणि लपवालपवीच काढली आहेस तर माझीही एक ऐक. नर्सिंगच्या शाळेतून मला गेल्या वर्षभरात तीन पत्रं आली होती. नव्या मुलींना वॉर्डातलं काम शिकवायला या म्हणून. तिन्ही मी कपड्यांच्या कपाटात तळाला घातली आणि तुला सांगितलं नाही. परवा त्यांना लिहिलं, येते. दहा नोव्हेंबरला रुजू व्हायचंय, शाळेच्या आवारातच राहायची खोली आहे.

तेव्हा जनरेटर बसवून तू वेळेवर घरी ये. माझ्याने आता तुझी टाकी सांभाळणं होणार नाही, मला वेळ नाही.

ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

तू गेल्यापासून घर शांत आहे आणि मला ते आवडत नाही. आपण सोबत राहिलो ते पाच दिवस फार लवकर संपले. तू मला दोनदा हात धरून पाठ कशी बघायची ते दाखवलंस, दोन्ही वेळा मी डोळे मिटले होते. तुला कळलं होतं ना?

आज एकट्याने केलं. सकाळी दिवे लागायच्या आत. दगडाखाली बोटं गेली आणि माझे पाय नेहमीसारखे निघायला लागले. मी त्यांना म्हटलं, थांबा रे जरा. मग उचलला. जड आहे, ताई, हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. कलता केला, बॅटरी दातात धरली आणि डोळे उघडे ठेवले. खालची बाजू खडबडीत, पांढरी, ओबडधोबड आहे, वरच्या थाटाशी तिचा काही संबंध नाही. सगळ्या खाचा तपासल्या. एकही गोगलगाय नाही. परत ठेवला. तासाभराने मखमल कडेबाहेर लोंबत होती. दुकानवालीला बोलावून दाखवली. ती म्हणाली, बरा झाला म्हणायला हरकत नाही, आणि तुला निरोप सांगितलाय की रविवारी येणार असशील तर ती दुकान लवकर बंद करील.

हात पुसले आणि हे लिहायला बसलो. मला तुला दीड वर्षापूर्वीच एक विचारायला हवं होतं. आईचे शेवटचे दिवस कसे होते? मला काहीच माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आता सांग. जे असेल ते सांग, मी वाचीन.

बारक्या


२५ नोव्हेंबर

बारक्या,

विचारलंस, फार बरं केलंस. मी कधीची वाट बघत होते.

इथे मुली तेवीस आहेत. पहिल्या तासाला मी त्यांना पेशंटची पाठ बघायला शिकवते. त्यांना वाटतं मी हे मोठ्या हॉस्पिटलात शिकले. रविवारी येते, दुकानवालीला सांग.

आता आई. तुला वाटतं तसं ते भयंकर नव्हतं. दुखत होतं, पण शेवटच्या आठवड्यात औषध नीट लागू पडलं आणि ती चांगली शुद्धीत होती. जेवत नव्हती, पण बोलत होती, आणि बोलण्यात पहिल्यासारखीच होती. समोरच्या खाटेवरच्या म्हातारीच्या सुनेला तिने भाजी चिरण्यावरून बोल लावले, खाटेवर पडल्या पडल्या. मी संध्याकाळी तिचे केस विंचरायचे, तेव्हा डोळे मिटून घ्यायची. आणि गेली ती सकाळी, माझा हात तिच्या हातात असताना. खूप वेळ लागला नाही.

तुझ्यावर ती रागावली नव्हती. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खोटं सांगायची मला सवय नाही. तिने सगळ्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं की माझा मुलगा जहाजाचा कॅप्टन आहे. ड्युटीवरच्या मुली रोज विचारायच्या, "आजी, कॅप्टनसाहेब आज कुठे पोचले?" आणि ती मनाला येईल त्या बंदराचं नाव सांगायची. त्यातली निम्मी मी कुठल्या नकाशात पाहिलेली नाहीत.

एकदा मी हळूच म्हटलं, "आई, तो कॅप्टन नाही गं. तो खाली इंजिनाजवळ असतो."

तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मीच वेडी.

"मग?" म्हणाली. "जहाज काय टोपी घालून चालतं?"

ताई